शपथ झाली, रॅली झाली, आता पुढे काय?

26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन झाला की पुढच्या आठवड्यापासून पत्रं यायला लागतात, यंदा जरा जास्तच आली. त्यात मुख्याध्यापिका आहेत, पालक आहेत, एका मंडळाची पोरं आहेत, एक आजोबा आहेत आणि दहावीतली एक मुलगीपण आहे. सगळ्यांची पत्रं पूर्ण छापणं शक्य नाही म्हणून प्रश्न थोडक्यात देतेय, नावं अर्थातच काढलीत. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळीत संपलीत.

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावी अनुदानित हायस्कूल आहे. दरवर्षी न चुकता शपथ, प्रभात फेरी, पोलीस स्टेशनच्या साहेबांचं भाषण आणि प्रोजेक्टरवर तोंडाच्या कॅन्सरचे फोटो असा कार्यक्रम घेतो. मुलं गपचूप बघतात. आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आठवी-नववीतली पोरं मावा खाऊन येतात. आम्ही अजून काय करायचं? (मुख्याध्यापिका, सोलापूर जिल्हा)

मॅडम, तुम्ही कार्यक्रम मनापासून घेता हे पत्रावरूनच कळतंय, त्यामुळे स्पष्ट लिहिते. मावा खाणाऱ्या त्या पोराला विचारून बघा, मावा खाल्ल्याने काय होतं, तो तुम्हाला कॅन्सर, तोंड न उघडणं, हिरड्या, सगळं पाठ म्हणून दाखवेल. म्हणजे माहिती त्याच्याकडे आहे, माहितीअभावी तो खात नाहीये. फोटो बघून तो घाबरतो, पण ती भीती संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही, कारण घरी त्याचा मामा वीस वर्षं तंबाखू खातोय आणि धडधाकट दिसतोय, आणि चौदा वर्षांच्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षाची भीती घालून काही उपयोग नसतो. त्याची खरी भीती वेगळी असते, की ग्रुपमध्ये आपण एकटे पडू, आपल्याला कोणी बायल्या म्हणेल.

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, युनिफॉर्ममधले पोलीस शाळेत येऊन ड्रग्जबद्दल धडे द्यायचे, तो देशभर पसरला, शिक्षक खूश, पालक खूश, पोलीस खूश. नंतर अभ्यास झाले, पुन्हा पुन्हा झाले, आणि दिसलं काय, तर तो कार्यक्रम केलेली मुलं आणि न केलेली मुलं यांच्या व्यसनात पुढे जाऊन म्हणण्यासारखा फरकच नाही. शेवटी त्यांनी जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून नवीन घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जविषयक कार्यालयाने 2013 मध्ये आणि मग सुधारून 2018 मध्ये प्रतिबंधाची मानकं काढली, त्यातही हेच आहे, की नुसती भाषणं, नुसती माहिती, भीती घालणं आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला स्टेजवर उभं करून त्याची कहाणी ऐकवणं यातून मुलांच्या बाबतीत फायदा दिसत नाही, कधी कधी उलटंच होतं. शेवटच्या मुद्द्यावर लोक माझ्याशी भांडतात. पण विचार करा, सातवीतलं पोरगं त्या देखण्या, छान बोलणाऱ्या माणसाकडे बघून काय घेतं? की हा एवढं सगळं करून बाहेर आला, आता स्टेजवर आहे, टाळ्या मिळतायत. हीच माणसं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून सोन्यासारखं काम करतात, पालकसभेत बोलली तर पालकांचे डोळे उघडतात. त्यांना तिथे जरूर बोलवा, पाचवी ते नववीच्या हॉलमध्ये नको.

मग काय करायचं? सराव. नाही म्हणायचा, दडपण ओळखायचा, राग आला की काय करायचं याचा सराव. अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठातल्या गिल्बर्ट बॉटविन यांनी जीवनकौशल्यांचा जो अभ्यासक्रम केला तो असाच आहे, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षापासून, वर्षभर ठरावीक तासिका, पुढच्या दोन वर्षांत उजळणी, आणि त्यात भाषण कमी, करून बघणं जास्त. आपल्याकडे नाट्यीकरण करायला कुठली पोरं मागे हटतात, त्यामुळे आपल्याला तर हे सोपं जायला हवं.

सातवीच्या वर्गात हे कसं दिसतं ते सांगते. सहा-सात जणांचा गट करायचा, एकाने गल्लीतला मोठा मुलगा व्हायचं, हातात कागदाची खोटी पुडी, बाकीचे त्याचे मित्र. तो म्हणतो, "खा की लेका, चिमूटभर, काय मरतोयस का." पहिल्या खेपेला ज्याला नाही म्हणायचंय तो हसतो, खाली बघतो आणि म्हणतो, "नको, आई ओरडंल." लगेच बाकीचे तुटून पडतात, "आई हाय का हितं?" संपला विषय, तो हरला. दुसऱ्या खेपेला तो कारण देतो, दात दुखतोय, त्यावरही उत्तर तयार असतं. तिसऱ्या खेपेला कोणीतरी बाहेरून ओरडून सांगतं, "आरं थांबू नकोस, चालायला लाग!" मग तो म्हणतो, "नको मला, मॅच हाय, येतूस का?" आणि खरंच वर्गाच्या दारापर्यंत चालत जातो. इथे शिक्षकांनी शाब्बास म्हणून तात्पर्य सांगायचं नाही, वर्गाला विचारायचं की या वेळी काय वेगळं झालं. पोरं स्वतःच सांगतात, याने कारण दिलं नाही, हा थांबला नाही, आणि याने समोरच्यालाच बोलावलं. हे त्यांच्या अंगात मुरतं कारण त्यांनीच शोधलेलं असतं. पण एकदा करून भागत नाही, वर्षभरात पुन्हा पुन्हा करावं लागतं, दर वेळी प्रसंग बदलून, कधी लग्नाची वरात, कधी यात्रा, कधी क्लासवरून घरी येताना.

अजून एक सोपी गोष्ट. नववीत चिठ्ठ्या वाटा, नाव नको, दोनच प्रश्न: तू गेल्या महिन्यात तंबाखू किंवा मावा खाल्लास का, आणि तुझ्या मते वर्गातले किती जण खातात. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नातला आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा निघतो, पोरांना वाटत असतं सगळेच खातात, म्हणजे न खाणारा मीच येडा. खरा आकडा फळ्यावर लिहिला की न खाणाऱ्यांच्या लक्षात येतं की आपण जास्त आहोत.

आणि हे बाहेरच्या पाहुण्यांनी नाही, तुमच्याच शिक्षकांनी घ्यायचं. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलंय, त्याच्या अकरा विषयांत पदार्थांचा गैरवापर रोखणं हा विषय आहेच. तुमच्या शाळेचे दोघं कोण ते बघा, कागदावरच असतील तर त्यांना आठवड्याची एक तासिका खरोखरची द्या, त्या तासाला गणिताचा सिलॅबस घुसवू देऊ नका. आणि मॅडम, शिक्षकांच्या खोलीत कोणाच्या खिशात पुडी असेल तर आधी तिथून सुरुवात करा, पोरांना सगळं माहीत असतं.

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. दप्तरात तंबाखूचा खर्रा सापडला. शाळेने बोलावून सांगितलं की दाखला घेऊन जा, बाकीची मुलं बिघडतील. मी त्याला खूप मारलं, आता तो बोलतच नाही. (वडील, नागपूर)

दादा, आधी दाखल्याचं. घेऊ नका. मुख्याध्यापकांना शांतपणे भेटा आणि लेखी द्या की मुलाच्या उपचाराची जबाबदारी आम्ही घेतोय, शाळेने त्याला वर्गात ठेवावं. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि वय 14 पूर्ण होईपर्यंतचं शिक्षण हा त्याचा हक्क आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शाळेला हे सांगायलाच हवं, की व्यसनापासून मुलाला धरून ठेवणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी असतात त्यात शाळेशी असलेलं नातं फार वरचं आहे. शाळेतून काढलेलं पोरगं दिवसभर जाणार कुठे? पानठेल्यावर. म्हणजे ज्या जागेपासून त्याला तोडायचंय तिथेच आपण त्याला पोचवतोय. वर्गातल्या इतर मुलांना वाचवायचं म्हणून एकाला बाहेर फेकणं मला मान्य नाही, कधीच नाही.

आता मुलाचं. मारलंत ते झालं, आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि एवढंच म्हणा की मी घाबरलो होतो म्हणून हात उचलला, आता मारणार नाही, आपण दोघं मिळून हे सोडवू. लगेच कबुलीजबाब मागू नका. दोन-चार दिवसांनी विचारा, कधीपासून, दिवसातून किती, कोणासोबत आणि सकाळी उठल्या उठल्या लागतो का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, सकाळी लागत असेल तर निकोटिनची सवय शरीराला लागलीय, तिथे नुसता निश्चय पुरत नाही, मदत लागते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं असं होईल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, ते व्यसन परत मागतंय म्हणून होतंय, पोरगं उद्धट झालंय म्हणून नाही. काही आठवड्यांत कमी होतं.

खर्ऱ्यात एकटा तंबाखू नसतो हे तुम्ही विदर्भातले, तुम्हाला सांगायला नको, सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून ओला करतात. त्यातली सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तिला त्याच यादीत टाकलंय, आणि तोंडाची आतली कातडी कडक होऊन तोंड उघडणं कमी होतं. त्याला आरशासमोर उभं करून तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, तर सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा, नागपुरात आहे. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा सरकारी मोफत फोन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही चौकशी करा, मुलाला एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

प्रश्न: शाळेच्या गेटसमोरच टपरी आहे. मालक गावातलाच, ओळखीचा. तक्रार केली तर वाईटपणा येतो. कायदा नक्की काय म्हणतो? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, सातारा जिल्हा)

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, शिक्षण संस्थेपासून 100 यार्डांच्या आत म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि 18 वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाहीत. याचा दंड फक्त 200 रुपयांपर्यंत आहे म्हणून कोणी घाबरत नाही, हे खरं. पण 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 77 लोकांना माहीत नसतं. मुलाला दारू, ड्रग्ज किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिले तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासून बंदीच आहे, नंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्या बंदीत आल्या, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

वाईटपणाचं म्हणाल तर एकट्याने जाऊच नका. समितीचा ठराव करा, केंद्राच्या तंबाखूमुक्त शाळेच्या नियमावलीत शाळेच्या कुंपणापासून 100 यार्डांवर पिवळी रेघ मारायची सोय आहे ती टेप लावून मोजून मारा, ग्रामपंचायत आणि बीट हवालदार यांना बोलवून मारा. मग चार पालकांनी टपरीवाल्याकडे जाऊन सांगायचं, बाबा, धंदा बंद कर म्हणत नाही, रेघेच्या पलीकडे ने, नाहीतर चहा, वडापाव, वह्या-पेनं विक, आम्हीच घेऊ. पोट त्यालाही आहे. ऐकलं तर उत्तम, नाहीच ऐकलं तर अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: वय 74. जेवणानंतर तंबाखू लागते. नातू पाचवीत आहे, तोच दुकानातून आणून देतो, मळूनही देतो. सून म्हणते हे बंद करा. एवढ्याशा गोष्टीने मुलगा बिघडतो का? (आजोबा, अहिल्यानगर जिल्हा)

आजोबा, सूनबाई बरोबर बोलतायत. तुमच्या तंबाखूवर मी बोलणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मळताना त्याच्या हाताला वास लागतो, दुकानदार त्याला ओळखायला लागतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्या मनात ही प्रेमाने करायची गोष्ट होऊन बसते. आजोबांना पुडी नेऊन दिली की पाठीवर थाप मिळते, हे त्याला आज कळतंय. उद्या तीच पुडी हातात आली की ती परकी वाटत नाही. मोठमोठे कार्यक्रम करून शाळा जे सांगणार ते तुमच्या एका वाक्याने होईल, की बाळा, माझी सवय वाईट आहे, तू याला हात लावायचा नाहीस, आजपासून मी स्वतः आणीन. ते वाक्य तुमच्या तोंडून आलं तर त्याचं वजन काही वेगळंच असेल. आणि त्याच्याकडून काही काम हवंच असेल तर पेपर वाचून घ्या.

प्रश्न: आम्ही मंडळाची पोरं. आइसलँड देशाने पोरांची दारू-सिगारेट जवळपास बंद केली असं वाचलं. आपल्या गावात असं काही करता येईल का? पैसे फार नाहीत. (गणेश मंडळ कार्यकर्ते, कोल्हापूर जिल्हा)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आइसलँडमध्ये 1998 साली दहावीच्या वयाच्या, म्हणजे 15-16 वर्षांच्या पोरांमध्ये 42 टक्के जण मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेले होते, रोज सिगारेट ओढणारे 23 टक्के. 2016 पर्यंत हे आकडे 5 टक्के आणि 3 टक्के झाले. देश चार लाखांच्या आत वस्तीचा, श्रीमंत, म्हणजे आपलं आणि त्यांचं सगळं जुळत नाही हे मान्य. पण त्यांनी काय केलं ते बघा. भाषणं वाढवली नाहीत. शाळाशाळांतून नाव न घेता पोरांना प्रश्न विचारले, संध्याकाळी कुठे असतोस, आईवडिलांना माहीत असतं का, खेळतोस का, कंटाळा येतो का, आणि उत्तरं ज्या त्या गावाला लगेच परत दिली, की हे बघा, तुमच्या पोरांचं असं आहे. मग खेळ, संगीत, क्लब यांच्यासाठी पैसे दिले, कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांनाही जाता येईल असे. पालकांच्या संघटना मजबूत केल्या. हिवाळ्यात 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री 8 नंतर आणि 13 ते 16 च्या मुलांनी 10 नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर फिरायचं नाही असा नियम, आणि शुक्रवार-शनिवारी रात्री पालकच गटागटाने गल्ल्यांतून फेरी मारायचे. पोरांना पकडायला नाही, भेटायला, चला घरी म्हणायला.

आता तुमच्याकडे काय आहे? तालीम आहे. कोल्हापुरात तालमी असताना पोरांना खेळायला जागा नाही म्हणणं मला पटत नाही, फक्त ती तालीम किती वाजता उघडते, कोणाच्या पोरांसाठी उघडते आणि मुलींना तिथे काही आहे का, हे प्रामाणिकपणे बघा. पोरं बिघडायची वेळ साधारण ठरलेली असते, शाळा-क्लास सुटल्यापासून घरी जेवायला बसेपर्यंत. त्या दोन-तीन तासांत मैदानावर लाइट, एक बॉल, एक माणूस असा की जो रोज येतो, एवढं जरी झालं तरी खूप आहे. माणूस रोज तोच हवा. पाहुणे प्रशिक्षक आठवड्यातून एकदा येऊन उपयोग नाही, पोरांना कोणीतरी विचारणारं लागतं, काल का आला नाहीस म्हणून.

दुसरं, मंडळ म्हणून तुमच्या स्वतःच्या घरातलं बघा. मंडपामागे रात्री काय चालतं, मिरवणुकीत कोण पिऊन नाचतं, ट्रॅक्टरवर बाटल्या कोण ठेवतं, आणि हे सगळं कमरेएवढी पोरं बघत असतात, तीच पुढे कार्यकर्ते होणार असतात. एक ठराव करा, मंडपात आणि मिरवणुकीत नशा केलेला कार्यकर्ता नाही, मग तो अध्यक्षाचा भाऊ असला तरी. हा ठराव पाळलात तर देखाव्यापेक्षा मोठं काम होईल.

तिसरं, गावाची ताकद. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती गावागावातल्या लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यातून आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 2016 पासून तिथे मुक्तिपथ चालवलंय, त्यात दारूबरोबर खर्राही घेतलाय. जनजागृती आहे, पण तेवढ्यावर थांबलेलं नाही, गावसंघटना आहेत, कायद्याची अंमलबजावणी आहे आणि व्यसनी माणसाला उपचार पण आहेत, चारही एकत्र. तुमच्या गावात देशी दारूचं दुकान त्रासदायक झालं असेल तर मतदान घेऊन ते बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे, उभी बाटली की आडवी बाटली, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यासाठी गावातल्या बायका पुढे असायला लागतात आणि पोरांनी त्यांच्या मागे उभं राहायचं असतं, पुढे नाही.

पैशाचं म्हणाल तर वरच्या सगळ्यात लाइटबिल सोडून खर्च जवळपास नाहीच. आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी शाळेच्या मदतीने तीच बिननावाची चिठ्ठी घ्या, म्हणजे काही बदलतंय का ते कळेल, नाहीतर आपण फक्त फोटो काढत बसतो.

प्रश्न: अकरावीतल्या मुलीकडे पेनसारखं काहीतरी सापडलं, ती म्हणते व्हेप आहे, फक्त फ्लेवर असतो, सिगारेट नाही. खरं आहे का? (आई, पुणे)

नाही. बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं, कधी कधी भरपूर असतं, आणि डब्यावर काही लिहिलं नसलं तरी असू शकतं. धूर नाही, वास गोड, म्हणून घरात कळतच नाही, आणि या वयात मेंदूची वाढ चालू असते, ती साधारण पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे सवय मोठ्यांपेक्षा लवकर लागते. ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात सगळ्यावर देशात 2019 पासून बंदी आहे, म्हणजे जे कोणी तिला विकतंय ते चोरून विकतंय, आणि ती कांडी कोणत्या बनावटीची, आत काय भरलंय याची कोणीही हमी देणार नाही. हे शेवटचं वाक्य मुलीला सांगा, ओरडून नाही, नीट बसून. पुण्यात पार्ट्यांमधून एमडी नावाचं ड्रग पण फिरतं, तिला विचारा की तुझ्या ग्रुपमध्ये कोणी दिलं तर तू काय करशील, आणि तिच्याशी एक करार करा, रात्री कितीही वाजता, कुठेही अडकलीस तर फोन कर, मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. आणि तो करार पाळा. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

प्रश्न: मी दहावीत आहे. बाबा रोज पितात. शाळेत सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली की मी व्यसनमुक्त कुटुंब घडवीन, मला रडू आलं. आता दादा पण मित्रांसोबत पितो. मी काय करू? (विद्यार्थिनी)

बाळा, तू लिहिलंस हेच फार मोठं केलंस. आधी तीन गोष्टी मनात पक्क्या कर. बाबांचं पिणं तुझ्यामुळे सुरू झालं नाही. तू पहिली आलीस तरी ते थांबणार नाही. आणि ते सोडवण्याची जबाबदारी तुझी नाही, शपथ काहीही म्हणो. दारूचं व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात.

तू बाटल्या लपवू नकोस, ओतून देऊ नकोस, ते प्यायलेले असताना वाद घालू नकोस. ते पिऊन गाडी चालवत असतील तर मागे बसू नकोस, पोट दुखतंय सांग, काहीही सांग, पण बसू नकोस. मारहाण होत असेल तर कुठल्या शेजाऱ्यांकडे जायचं ते आत्ताच आईशी बोलून ठरवून ठेव. 1098 हा नंबर पाठ कर, मुलांसाठी आहे, रात्रीही लागतो. आणि शाळेतल्या ज्या एका बाई किंवा सरांवर तुझा विश्वास आहे त्यांना हेच पत्र दाखव, मोठ्याने बोलता येत नसेल तर नुसतं हातात दे.

दादाचं अजून हातातून गेलेलं नाही. त्याला टोमणा मारू नकोस की तू पण बाबांसारखा होणार, त्याला तीच भीती असेल. तो शुद्धीत असताना, एकटा असताना सांग की मला भीती वाटते, मला तू हवायस. आईला सांग, 14446 वर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, घरच्यांनी फोन केला तरी चालतं, पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी काय करायचं ते सांगतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी, घरच्यांसाठीही मदत आहे.

आणि शाळांना माझी हात जोडून विनंती, कुटुंबाच्या शपथा मुलांना घ्यायला लावू नका. वर्गात अशी किती मुलं हात पुढे करून उभी असतात ज्यांना ती शपथ रोज संध्याकाळी खोटी पडताना दिसते. त्यापेक्षा एक पेटी ठेवा, चिठ्ठी टाकायला, आणि ती उघडून वाचणारा एक माणूस ठेवा.

प्रश्न: स्टेशनजवळच्या मैदानात आठ-दहा वर्षांची पोरं रुमालात व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगतात. लोक हाकलतात. आपण काय करू शकतो? (दुकानदार, मनमाड)

दादा, पळवून लावू नका, पाठलाग तर मुळीच नको, हुंगलेल्या अवस्थेत घाबरून धावलं तर हृदय बंद पडण्याचा धोका असतो. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचा वापर मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळला होता, बाकी कुठल्याच नशेत असं दिसलं नाही, कारण हे स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळतं आणि भूक मारतं. 1098 ला फोन करा, पोरं स्टेशनवर असतील तर रेल्वे पोलिसांनाही सांगा, मुलांना बालकल्याण समितीसमोर नेण्याची रीत आहे. आजूबाजूच्या स्टेशनरी आणि पंक्चरच्या दुकानदारांशी तुम्हीच बोला, तुमचं ते ऐकतील, लहान पोरांना हे सुटं विकायचं नाही एवढं ठरवा. कोणी बेशुद्ध दिसलं तर कुशीवर वळवा, मोकळी हवा द्या आणि 108 ला फोन करा. आणि जमलं तर त्यातल्या एखाद्याला नावाने हाक मारायला लागा, खायला द्या, संस्थेचे लोक येतील तेव्हा तो तुमच्या शेजारी उभा राहील, पळणार नाही.